म्हशीला बुरशी का येत नाही?

पावसाळ्याचे चार महिने कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या घरात बुरशीशी भांडण चालूच असतं. कपाटात लटकवलेला चामडी पट्टा पांढरा पडतो, दाराआडच्या चपलेवर हिरवट लव येते, टोपलीतली शिळी भाकरी ठिपके धरते. घराच्या मागच्या अंगाला गोठा, आणि गोठ्यात म्हैस. पाठ ओली, पायाखाली शेणमुताचा राडा, उजेड बेताचा, हवा कोंदट. बुरशीला आणखी काय हवं? तरीही चपलेच्या मेल्या कातड्यावर आठ दिवसांत जे होतं, ते म्हशीच्या जित्या कातड्यावर होत नाही.

‘तिच्यात प्रतिकारशक्ती आहे’ हे उत्तर चटकन सुचतं. ते खरं आहे, पण अपुरं. प्रतिकारशक्ती बेडकालाही असते. तरी एका बुरशीने गेल्या अर्धशतकात जगभरातल्या उभयचरांच्या ५०१ जाती खालावल्या आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या नाहीशा झाल्या, असा हिशेब २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला गेला. आकड्यांवर पुढे वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण एका रोगाने वन्यजीवांची एवढी हानी केल्याचं दुसरं उदाहरण त्या वादातही कुणी पुढे आणलं नाही. म्हणजे बुरशी मारू शकते, आणि भरपूर मारू शकते. मग म्हैस का वाचते?

अंगातली ऊब

बुरशी वनस्पती नाही. तिला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. बारीक तंतू पसरून ती ज्यावर वाढते त्यावरच पाचकरस सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. तिचं बी म्हणजे बीजकण. ते इतके हलके असतात की आपण आणि आपली जनावरं दर श्वासाला ते आत ओढत असतो. तेव्हा बुरशी शरीरापर्यंत पोचत नाही असं नाही. ती पोचते, पण रुजत नाही.

याचं मोठं कारण उष्णता. २००९ मध्ये अमेरिकेतले आर्तुरो कासादेवाल आणि नेदरलँड्समधले व्हिन्सेंट रॉबर्ट यांनी एका बुरशीसंग्रहातल्या ४,८०२ वाणांची नोंद तपासली. कुठला वाण किती तापमानापर्यंत वाढतो, एवढाच प्रश्न. तीस अंश सेल्सिअसपर्यंत बहुतेकांची वाढ व्यवस्थित होते. त्यापुढे चाळीस अंशांपर्यंत दर एका अंशाला सुमारे सहा टक्के वाण गळत जातात. माणसाचं अंग ३७ अंश, गाय-म्हशीचं ३८ ते ३८.५ च्या आसपास, शेळीचं ३९, कोंबडीचं ४१ च्याही वर. भाकरीवर, लाकडावर, पालापाचोळ्यात सुखाने राहणाऱ्या बहुसंख्य बुरश्यांना म्हशीचं अंग हा तापलेला प्रदेश आहे.

उष्णरक्ती असणं महागात पडतं. खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा अंग गरम ठेवण्यातच जातो. साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, चिचुंद्री राहू शकत नाही. मग निसर्गाने हा खर्च का पत्करला? कासादेवाल यांनी अविव बर्गमन यांच्यासोबत २०१० मध्ये गणित मांडलं. जास्त उष्णता म्हणजे कमी बुरश्या, पण जास्त खाणं. दोन्हींचा मेळ कुठे बसतो? उत्तर आलं ३६.७ अंश. कासादेवाल त्याही पुढे जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनीपातानंतर कुजणाऱ्या पृथ्वीवर बुरश्या माजल्या आणि त्यात थंड अंगाच्या सरीसृपांपेक्षा गरम अंगाचे सस्तन प्राणी तगले, असा त्यांचा तर्क आहे. तर्क रंगतदार आहे, पण तो सिद्ध करणं कठीण. वर्तमानकाळाकडे पाहिलं तरी उष्णतेचा मुद्दा पटायला पुरेसा पुरावा मिळतो, आणि त्यासाठी आधी बेडकाकडे जावं लागतं.

बेडूक कशाने मरतो

१९८० आणि ९० च्या दशकांत मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या डोंगराळ जंगलांतून बेडूक नाहीसे होऊ लागले. जंगल शाबूत, पाणी स्वच्छ, आणि बेडूक नाहीत. कोस्टा रिकातल्या माँतेव्हेर्देचा सोनेरी भेक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक अनोळखी बुरशी असल्याचं प्रसिद्ध झालं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकावरून १९९९ मध्ये तिला नाव मिळालं: बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबाटिडिस. आपण तिला कायट्रिड म्हणू.

ही बुरशी वाऱ्यावर उडत नाही, पोहते. तिच्या बीजकणाला शेपटी असते. पाण्यातून तो बेडकाच्या कातडीवर येतो, वरच्या थरात शिरतो, तिथे त्याची पिशवी बनते, आणि चार-पाच दिवसांत तिच्यातून नवे पोहणारे कण बाहेर पडतात. तिला लागतं केराटिन, म्हणजे आपल्या नखा-केसांत असतं ते प्रथिन. बेडूकमाशाच्या अंगावर ते फक्त तोंडाशी असतं, म्हणून तळ्यात बेडूकमासे खुशाल पोहताना दिसतात. शेपूट गळून बेडूक झाला की सगळ्या कातडीवर केराटिन येतं, आणि मग मरतुक सुरू होते. तळ्यात पिल्लं भरपूर, काठावर मोठा बेडूक एकही नाही, हे कोडं असं सुटलं.

पण कातडीला बुरशी लागल्याने मरण का यावं? आपल्याला गजकर्ण होतं, खाजतं, पण त्याने कुणी मरत नाही. फरक कातडीच्या कामात आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीने शोषतो. श्वासाचाही काही भाग तिथूनच. पाण्यात राहूनही रक्तातले क्षार बाहेर झिरपू न देणं हेही कातडीचंच काम. जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षबेडकांवर केलेलं काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आजारी बेडकांच्या कातडीतून क्षारांची ने-आण मंदावली होती. रक्तातलं सोडियम सुमारे वीस टक्क्यांनी आणि पोटॅशियम जवळपास निम्म्याने उतरलं होतं. हृदयाचे ठोके चालायला हेच क्षार लागतात. बेडूक शेवटी हृदय बंद पडून मरत होते.

कायट्रिडला १७ ते २५ अंश मानवतात. त्याआधी काही वर्षं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी एक साधा प्रयोग केला होता: लागण झालेल्या बेडकांना दोन दिवस आठ-आठ तास ३७ अंशांत ठेवलं. सोळा तासांच्या उबेने बेडूक बरे झाले. औषध नाही, काही नाही. बेडकाला म्हशीइतकी ऊब उसनी दिली, एवढंच.

सह्याद्रीतले बेडूक

ही बुरशी आपल्याकडेही आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. इथल्या, फक्त इथेच सापडणाऱ्या आणि धोक्यात असलेल्या जातींच्या अंगावरही कायट्रिड होती. तिचा वाण आशियातला, मध्य अमेरिकेत थैमान घालणाऱ्या वाणापेक्षा वेगळा. पण बेडकांचे सडे पडलेले दिसले नाहीत.

असं काम रात्री, पावसात, ओढ्याच्या काठाने करावं लागतं. हातात मोजे, आणि प्रत्येक बेडकागणिक नवे; नाहीतर संशोधकच रोग पसरवायचा. बेडूक हलकेच उलटा धरायचा. निर्जंतुक कापसाची काडी त्याच्या पोटावरून, मांड्यांच्या आतल्या बाजूने आणि मागच्या पायांच्या बोटांमधल्या पडद्यावरून ठरावीक वेळा फिरवायची, कारण पाणी शोषणारी कातडी तिथे असते आणि बुरशीही. काडी नळीत, नळीवर क्रमांक, आणि बेडूक जिथून उचलला तिथेच परत. पुढच्या ओढ्यावर जाण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे. प्रयोगशाळेत त्या काडीवर बुरशीचा डीएनए आहे का, तो कोणत्या वाणाचा, हे पाहतात. बेडकाला ओरखडासुद्धा पडत नाही.

मग आपले बेडूक का वाचतात? २०१८ मध्ये जगभरातल्या वाणांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर कायट्रिडचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या आसपास असल्याचं दिसलं. आशियातले बेडूक आणि ही बुरशी जुने शेजारी आहेत. शेजाऱ्याशी जमवून घेतलं गेलं. जे जमवू शकले नाहीत ते केव्हाच संपले असतील. माणसाने प्राणी बोटी-विमानांतून इकडचे तिकडे नेले, खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगांसाठी, आणि बुरशी अशा बेडकांना भेटली ज्यांनी ती कधी पाहिली नव्हती. म्हणजे थंड अंग हे एक कारण आणि नवखेपणा हे दुसरं. ही दोन्ही कारणं एकत्र आली की काय होतं, ते वटवाघळांनी दाखवलं.

पांढरं नाक

वटवाघूळ तर आपल्यासारखंच सस्तन, गरम अंगाचं. त्याला बुरशी मारते कशी? फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीजवळच्या हाऊज गुहेत काढलेल्या एका फोटोत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी पूड दिसते. हा या रोगाचा पहिला पुरावा. नंतरच्या हिवाळ्यांत गुहांच्या तळाशी मेलेल्या वटवाघळांचे थर साचू लागले. बुरशीचं आजचं नाव स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स. तिला १२ ते १६ अंशांचा गारवा आवडतो आणि विसाच्या पुढे ती वाढतच नाही. सहा टक्क्यांच्या हिशेबात तिचा सस्तन प्राण्याशी संबंधच येऊ नये.

गोम अशी, की त्या थंड मुलखातली वटवाघळं हिवाळ्यात सस्तन राहतात, पण गरम राहत नाहीत. किडे मिळेनासे झाले की ती गुहेत उलटी लटकून झोपतात आणि अंगाचं तापमान गुहेच्या तापमानाजवळ आणून ठेवतात. हृदय मिनिटाला जेमतेम काही ठोके देतं, प्रतिकारशक्तीही जवळजवळ निजते. महिनोन्महिने ते अंग बुरशीसाठी भिंतीच्या ओलीसारखंच असतं.

पुढचं समजायला पूर्वीच्या कोकणातल्या घराची बेगमी आठवावी. पावसाळ्यापूर्वी डाळ-तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवला आणि दिवाळीपर्यंत हात आखडून पुरवला. वटवाघळाची बेगमी म्हणजे शरद ऋतूत अंगावर साठवलेली चरबी. झोपेत ती फारशी खर्च होत नाही. खर्च होते ती जाग येण्यात. दोन-तीन आठवड्यांनी एकदा ते अंग तापवून जागं होतं, आणि हिवाळ्याच्या चरबीचा बहुतेक भाग या मोजक्या जागरणांतच जळतो. बुरशी पंखांची पातळ कातडी खाते. त्या कातडीतून पाणी निसटतं, अंगातले क्षार बिघडतात, आणि वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागं होतं. दर वेळी डब्यातलं मापटंभर धान्य जास्त निघावं, तसं. फेब्रुवारीत डबा रिकामा, बाहेर बर्फ, एक किडा नाही. काही वटवाघळं भर थंडीत, भर दिवसा गुहेबाहेर उडताना दिसत, त्याचा अर्थ हा होता.

जी वसंतापर्यंत तगतात त्यांचं अंग पुन्हा गरम होतं आणि बुरशी आपोआप जाते. उष्णतेच्या मुद्द्याला यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? युरोप आणि आशियातही ही बुरशी गुहांत आहे, वटवाघळांच्या नाकावरही सापडते, पण तिथे अशी मरतुक नाही. पुन्हा जुना शेजार. अमेरिकेत मात्र तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. आपल्या लेण्यांतल्या वटवाघळांवर अशी गारठून झोपायची वेळ येत नाही.

या मरतुकीचं बिल माणसालाही आलं. अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये दाखवलं की वटवाघळं गेलेल्या अमेरिकी भागांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर ३१ टक्क्यांनी वाढवला आणि तिथे बालमृत्यूही सुमारे आठ टक्क्यांनी वाढले.

गोठ्यातलं गजकर्ण

आता म्हशीकडे, खरं तर वासराकडे. कारण गोठ्यात एक बुरशी आहेच: गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. डोळ्यांभोवती, कानामागे, मानेवर रुपयाएवढे गोल चट्टे, केस झडलेले, वर राखाडी जाड पापुद्रे. या बुरशीने उष्णतेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. ती आत शिरतच नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर, केस आणि शिंग हे मेलेलं केराटिन. तिथे रक्त नाही, पेशी लढायला येत नाहीत आणि ऊबही आतल्यापेक्षा कमी. जनावराच्या अंगावर ती राहते, अंगात नाही. गुरांतल्या ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या जातीला तर ३७ अंशही चालतात, जे तिच्या भाईबंदांत विरळा.

डॉक्टर चट्ट्याच्या मधून नव्हे, कडेवरून खरवडतात, कारण बुरशी मधलं खाऊन कडेकडे सरकत असते. खरवडलेले पापुद्रे आणि उपटलेले दोन-चार केस काचपट्टीवर घेऊन त्यांवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकतात आणि किंचित ऊब देतात. पोटॅश केराटिन विरघळवतं, पण बुरशीची भिंत कायटिनची, म्हणजे झिंग्याच्या सालीत असतं त्या द्रव्याची, ती टिकते. केस पारदर्शक होतो आणि त्याला लगटून बसलेले बारीक गोल बीजकण उघडे पडतात. खेड्यातल्या दवाखान्यातही दहा मिनिटांत होणारी ही तपासणी आहे, आणि तिच्यावाचून मलमं लावली जातात याचं मला नवल वाटतं. खरूज आणि गजकर्ण लांबून सारखीच दिसतात, औषधं मात्र निराळी.

वासरांनाच का? कारण त्यांची पहिलीच गाठ असते. थंडीत ती एकमेकांना चिकटून, अंधाऱ्या कोपऱ्यात बांधलेली असतात. एक-दोन महिन्यांत, कधी चार महिन्यांत, चट्टे आपले आपण बरे होतात आणि त्या जनावराला सहसा पुन्हा होत नाहीत. मात्र गळलेल्या पापुद्र्यांतले बीजकण गव्हाणीच्या लाकडात, दाव्यात, भिंतीच्या भेगांत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या वासराला ते गोठाच देतो. धार काढणाऱ्याच्या हातावर, मानेवर उठणारं गजकर्णही पुष्कळदा तिथलंच.

एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होत नाही, म्हणजे लस शक्य आहे. सोव्हिएत संघात सारकिसोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात गुरांच्या गजकर्णाची जिवंत, पण दुबळी केलेली लस बनवली, आणि नॉर्वेने ती गावंच्या गावं घेऊन नेटाने वापरली. माणसाला बुरशीविरुद्धची लस आजही बाजारात मिळत नाही. वासराला ती पन्नास वर्षांपूर्वी मिळाली.

उकिरड्यात तयार झालेल्या

काही बुरश्या मात्र उष्णतेलाही दाद देत नाहीत. अॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही त्यांतली पहिली. ती शेणखताच्या, पाचोळ्याच्या ढिगात राहते. ढीग कुजताना आतून किती तापतो हे त्यात हात घातलेल्याला माहीत असतं. पन्नास अंशांतही वाढणाऱ्या या बुरशीला कोंबडीचे ४१ अंश म्हणजे काहीच नाही. पक्ष्यांच्या फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात. तिथे रक्तपुरवठा थोडा, म्हणून लढणाऱ्या पेशीही उशिरा पोचतात. शेडमधलं तूस ओलं राहिलं, त्यावर बुरशी धरली, की आठवड्याची पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकू लागतात. मेलेलं पिल्लू उघडलं तर फुप्फुसात पिवळट दाणे. उपचार जवळजवळ नाहीच. तूस बदलणं, हवा खेळती ठेवणं, एवढंच हातात.

याच बुरशीने २०१९ मध्ये न्यूझीलंडमधले नऊ काकापो मारले. उडता न येणारा हा पोपट त्या वेळी जगात प्रौढ मोजले तर दीडशेही नव्हता. आजारी पक्षी बेटावरून उचलून शहरातल्या इस्पितळांत नेले, त्यांचं सीटी स्कॅन केलं, महिनोन्महिने औषधाच्या वाफा दिल्या. तेव्हा बाकीचे वाचले.

आणखी एक प्रकार रूप बदलणाऱ्यांचा. मातीत तंतू आणि गरम अंगात यीस्ट. ब्राझीलच्या रिओ दे जनेरोत १९९८ पासून मांजरांत अशा एका बुरशीची साथ चालू आहे: स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस. हिची जवळची बहीण काटा टोचून माळ्याच्या बोटाला लागते आणि सहसा त्या माणसापुरतीच थांबते. ब्राझीलची जात मात्र मांजराच्या भांडणात नखांतून, दातांतून थेट पुढच्या मांजरात जाते आणि मग मांजर कुरवाळणाऱ्या माणसात. नाकावर न भरणारी जखम हे तिचं ठळक लक्षण.

आत न शिरता

आणि काहींना शरीरात यायची गरजच नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पिल्लं पटापट मेली. रोगजंतू सापडेना. अखेर माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत: अॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने सोडलेलं विष, अॅफ्लाटॉक्सिन. ते यकृत पोखरतं. १९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल इथे पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली आणि १०६ दगावली. त्या घरांतले, तेच अन्न खाणारे कुत्रेही कावीळ होऊन, पोट फुगून मेले होते, आणि ते माणसांच्या आधी. कुत्र्यांकडे कुणी तेव्हाच पाहिलं असतं तर, हा विचार पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरावा.

दुभत्या जनावराच्या बाबतीत विष पुढे सरकतं. बुरशी लागलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड किंवा मका गाईच्या पोटात गेला की तिचं यकृत त्या विषाचं थोडं सौम्य रूप बनवतं आणि त्यातला अंश दुधात उतरतो. भारतात दुधातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध तपासणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांत ती ओलांडलेली आढळली. दुधातल्या पाण्यावर आपण चवीने बोलतो. या आकड्यावर फारसं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

चौकट: गोठा, शेड आणि घर
पेंडीची, मक्याची पोती जमिनीवर नकोत. फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. दाणे ओलसर, ढेकळं झालेले किंवा कुबट वासाचे असतील तर ते ‘जनावरालाच तर घालायचंय’ म्हणून वापरू नयेत. दूध उकळल्याने अॅफ्लाटॉक्सिन जात नाही. पेंड बदलली की काही दिवसांत दुधातून ते कमी होतं. गजकर्ण झालेलं वासरू वेगळं बांधावं, त्याचा खरारा आणि दावं दुसऱ्याला वापरू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. जळकं ऑइल लावू नये. गाभण जनावराला बुरशीची गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. ग्रिसिओफुल्विनसारखी औषधं गर्भाला बाधतात.

औषधं इतकी कमी का

जिवाणूंसाठी औषधांचं कपाट भरलेलं आहे. बुरशीसाठी एकच कप्पा, तोही अर्धा. कारण नात्यातलं आहे. बुरशी दिसते वनस्पतीसारखी, पण वंशावळीत ती प्राण्यांच्या जवळ. आपला आणि तिचा पूर्वज एकच होता. तिच्या पेशीचं आतलं यंत्र आपल्या पेशीसारखंच चालतं. तिला मारणारं पुष्कळदा आपल्यालाही बाधतं. फरक थोडे: एक कायटिन असलेली भिंत, दुसरा पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ. आपल्याकडे कोलेस्टेरॉल, तिच्याकडे एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधं या दोन फरकांवरच नेम धरतात. ग्रिसिओफुल्विन वेगळ्या वाटेने जातं: नव्या केसांत, नखांत जाऊन बसतं आणि बुरशीची वाढ रोखतं. पोटात देऊन गजकर्ण बरं होतं, हे १९५८ मध्ये ग्लासगोत आधी गिनीपिगवर दिसलं. माणसाची पाळी नंतर आली.

रानात तर औषध द्यायचं कसं, हाच प्रश्न. स्पेनच्या मायोर्का बेटावर संशोधकांनी डबक्यांतले बेडूकमासे गोळा करून त्यांना औषधी पाण्यात ठेवलं, रिकामी डबकी जंतुनाशकाने धुतली, आणि कायट्रिड तिथून हटवली. २०१५ मध्ये हे यश जाहीर झालं. पण ते बेटावरचं, मोजक्या डबक्यांचं. सह्याद्रीचे ओढे कोण धुणार?

म्हणून मला सिडनीतला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. अँथनी वॉडल आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये तो मांडला. भोकांच्या विटा काळ्या रंगवून छोट्या हरितगृहात रचायच्या. हिवाळ्याच्या उन्हात विटा तापतात. हिरवे-सोनेरी बेडूक आपणहून भोकांत जाऊन बसतात आणि अंग तिशीच्या आसपास नेतात. बुरशी मरते. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची: असे बरे झालेले बेडूक नंतर थंडीत पुन्हा लागण होऊनही तगले. ऊब मिळाली तेवढ्या अवधीत त्यांच्या प्रतिकारशक्तीला बुरशीची ओळख पटली होती. विटा कुठल्याही बांधकामावर मिळतात.

लसीचंही काम पुढे सरकलंय, तेही कुत्र्यांमुळे. अॅरिझोनाच्या वाळवंटी मातीतली कॉक्सिडिऑइडिस ही बुरशी माती हुंगणाऱ्या, उकरणाऱ्या कुत्र्यांच्या फुप्फुसात जाते. तिथे तिचे गोळे बनतात, फुटतात आणि शेकडो नवे कण सोडतात. मक्याच्या पानांवर रोग पाडणाऱ्या एका बुरशीत एक जनुक काढलं की ती निरुपद्रवी होते, असं वनस्पतिशास्त्रज्ञांना आधी आढळलं होतं. अॅरिझोना विद्यापीठात तेच जनुक या बुरशीतून काढलं. तिचा गोळा बनायला लागतो, पण पुरा होत नाही. असे कण टोचलेले कुत्रे खऱ्या लागणीला पुरून उरले, हे पशुवैद्य लिसा शुबिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं.

अंशाअंशाने

दर अंशाला सहा टक्के, हा हिशेब उलटाही वाचता येतो. हवा तापत गेली तर बुरश्याही हळूहळू उष्णतेला सरावतील आणि आपलं अंग व बाहेरची हवा यांतलं अंतर कमी होईल. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडलेली कॅन्डिडा ऑरिस पुढच्या काही वर्षांत अनेक खंडांतल्या इस्पितळांत, वेगवेगळ्या वाणांनी, जवळजवळ एकाच वेळी उगवली. तापत्या हवेने सस्तन प्राण्यांपर्यंत आणलेली ही पहिली बुरशी असावी, असा अंदाज कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. सगळ्यांना तो मान्य नाही.

दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या गटाला मात्र ही बुरशी इस्पितळाबाहेर भेटली. २०२१ मध्ये त्यांनी ती अंदमानच्या किनाऱ्यावरून आणि खाजणातून वेगळी केली. खाजणातला एक वाण औषधांना अजून बधत होता आणि जास्त तापमानात इतरांपेक्षा सावकाश वाढत होता. २०२३ मध्ये त्याच गटाने ती दिल्लीतल्या आजारी भटक्या कुत्र्यांच्या कानांत असल्याचं कळवलं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा अंश-दीड अंश जास्तच गरम असतं. ती कुत्र्यांकडे माणसाकडून गेली की माती-कचऱ्यातून, हे ठरवायला आता इस्पितळातल्या रुग्णांइतकेच गल्लीतल्या कुत्र्यांचेही कान तपासावे लागणार आहेत, आणि ते काम पशुवैद्यांचं आहे.